संदकफू: एक पाय भारतात, एक नेपाळात!

कळसूबाई आपली १६४६ मीटरची. संदकफू ३६३६ मीटर, म्हणजे दुपटीहूनही उंच! पश्चिम बंगालमधलं हे सर्वोच्च ठिकाण दार्जिलिंग जिल्ह्यात, भारत-नेपाळ सीमेवरच्या सिंगालीला डोंगररांगेत आहे.

🏔️ काय दिसतं? आकाश निरभ्र असेल तर एव्हरेस्ट, कांचनजंगा, ल्होत्से आणि मकालू. जगातल्या पाच सर्वोच्च शिखरांपैकी चार एकाच जागेवरून! कांचनजंगेची रांग आडव्या झोपलेल्या माणसासारखी दिसते, म्हणून तिला 'स्लीपिंग बुद्ध' म्हणतात.

🚌 कसं जायचं? न्यू जलपायगुडी स्टेशन किंवा बागडोगरा विमानतळावरून गाडीनं मानेभंज्यांग. तिथून तुमलिंग, गैरीबास, काला पोखरी असे मुक्काम घेत वर. वाट कधी भारतात, कधी नेपाळात; तुमलिंग तर नेपाळचंच गाव. चालणं जमत नसेल तर जीपही वरपर्यंत जाते. पुढे साधारण २१ किलोमीटरवर फालूट. तिथे नेपाळ, सिक्कीम आणि बंगालच्या हद्दी भेटतात.

🌸 कधी? एप्रिल-मे महिन्यांत गुरांस (ऱ्होडोडेंड्रॉन) फुलतो, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शिखरं स्वच्छ दिसतात. पावसाळ्यात सिंगालीला राष्ट्रीय उद्यान बंद असतं.

📌 सोबत मूळ ओळखपत्र ठेवा, वाटेत सशस्त्र सीमा बलाच्या चौक्या आहेत. स्थानिक वाटाड्या घ्या. चढण घाईनं उरकू नका, विरळ हवेची शरीराला सवय होऊ द्या.

सिंगालीलाचं हे जंगल लाल पांडाचं घर आहे. आरडाओरडा टाळा आणि आपला कचरा आपणच खाली आणा!