शंभर, दीडशे, साडेतीनशे

2004 च्या जूनमध्ये पहिली मोटरसायकल घरी आणली, तेव्हा नारळ फोडताना आई म्हणाली होती, "आता टेम्पोला हात दाखवायला नको." मासवणहून बोईसरला नोकरीला जाणाऱ्याचं सगळं दुःख त्या एका वाक्यात होतं. एसटी चुकली की मनोरकडून येईल त्या गाडीला हात करायचा. पुढे वाघोबा खिंड, पालघर, उमरोळी आणि मग तारापूर एमआयडीसीची जनरल शिफ्ट. वाटेत बायकोला पालघरला सोडायचं. जाऊन-येऊन पन्नास किलोमीटर.

या रस्त्यावर एकवीस वर्षांत माझ्या तीन गाड्या झाल्या: शंभर सीसीची, दीडशेची आणि साडेतीनशेची. कंपन्यांची नावं सांगत नाही. नाव घेतलं की नाक्यावरचा वाद कंपनीवर जातो आणि गाडीचं बोलणं राहून जातं. शिवाय पेट्रोल आणि किलोमीटर वहीत लिहायची मला सवय आहे, आणि वही नावावर भाळत नाही.

शंभरवाल्यांचं राज्य आमच्या आधीच आलं होतं. 1985 मध्ये हिरो होंडाची सीडी 100 आली. पेट्रोलमध्ये ऑईल मिसळायची कटकट नाही, आणि लिटरमागे टू-स्ट्रोक गाड्यांना स्वप्नातही न दिसणारा ॲव्हरेज. त्याच वर्षी आलेल्या यामाहा आरएक्स 100 चा पिकअप पोरांना वेड लावायचा, पण दूधवाला, गवंडी आणि ग्रामसेवक यांनी कौल दिला तो फोर-स्ट्रोकला. 1994 मध्ये स्प्लेंडर आली आणि 'मोटरसायकल' म्हणजे काय याचं उत्तरच ठरून गेलं.

माझ्या शंभरने वहीत पासष्टचा ॲव्हरेज दाखवला. तांदळाची पन्नास किलोची गोण टाकीवर आडवी, मागे बायको, हँडलला पिशव्या. गाडीने कधी कुरकुर केली नाही. वजन एकशे दहा-बारा किलो, त्यामुळे पंक्चर झाली तरी ढकलत नेता यायची. तिचं दुखणं रात्री कळायचं. हेडलाइट थेट इंजिनाच्या फिरण्यावर पेटायचा. खिंडीतल्या वळणावर गाडी हळू घेतली की उजेडही मावळायचा. मग क्लच दाबून ॲक्सिलरेटर पिळायचा, वळण बघून घ्यायचं आणि पुन्हा गिअर टाकायचा. समोरून केमिकलचा टँकर आला की दोन्ही डोळे मिटल्यासारखंच. वाघोबाच्या देवळापाशी हात जोडायचो, त्यात श्रद्धा किती आणि त्या दिव्याची भीती किती, हे आजही सांगता येणार नाही.

दीडशेची घेतली 2011 मध्ये. त्याच्या दहा वर्षं आधी, 2001 मध्ये, बजाजची पल्सर आली होती, आपल्या चाकणमध्ये तयार होणारी. सामान्य माणसाला पहिल्यांदाच अशी गाडी मिळाली जी आठवडाभर कामावर नेता येते आणि रविवारी मिरवताही येते. 2004 मध्ये होंडाची युनिकॉर्न आली, मागे एकच शॉकअप घेऊन, आणि 'दीडशे' ही सीसीच्या आकड्यासोबत घरातल्या ऐपतीचीही खूण झाली.

माझ्या दीडशेचा ॲव्हरेज पंचेचाळीस. पण पुढे डिस्क ब्रेक, दिवा बॅटरीवर, आणि खिंडीचा चढ डबल सीट तिसऱ्या गिअरवर. याच गाडीने मला फिरायला शिकवलं. मनोर, विक्रमगड, जव्हार, मोखाडा, तोरंगण घाट आणि त्र्यंबकेश्वर. आम्ही दोघं पहाटे निघून दुपारच्या जेवणाला नाशिकला पोचलो, त्या दिवशी वहीत आकड्यांच्या पुढे पहिल्यांदा एक शब्द लिहिला: 'मस्त'. उणं एवढंच की ऐंशीच्या पुढे हँडल थरथरायचं, आणि तीन तासांनी सीट नको व्हायची.

त्या थरथरीतूनच साडेतीनशेचा मोह झाला. 2009 मध्ये रॉयल एनफिल्डची क्लासिक 350 आली आणि एकेकाळी फौजदाराची वाटणारी गाडी बँकेतल्या कारकुनाच्या हप्त्यात बसू लागली. 2016 च्या अखेरीस बजाजची डॉमिनार, 2020 मध्ये होंडाची हायनेस. एप्रिल 2019 पासून सव्वाशे सीसीच्या वरच्या सगळ्या नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचं झालं, एप्रिल 2020 पासून बीएस-6 आलं. 2021 च्या दिवाळीत मीही साडेतीनशेची आणली. त्याच वर्षी मे महिन्यात मुंबईत पेट्रोल शंभरीपार गेलं होतं, ते वहीत आहे. पण दिवाळीत वही कोण उघडतं?

खोटं बोलणार नाही, हमरस्त्यावर ती गाडी म्हणजे सुख. रत्नागिरीपर्यंत गेलो, पाठ दुखली नाही. साठ-सत्तरवर इंजिन असं शांत चालतं की बायको मागून बोललेलं ऐकू येतं, आणि ट्रकची हवा लागून गाडी हलत नाही.

घरी आल्यावर मात्र तिचे एकशे पंचाण्णव किलो आठवू लागतात. पहिल्याच पावसाळ्यात अंगणातल्या चिखलात साइड स्टँड रुतला आणि गाडी सावकाश, एखादी म्हैस बसावी तशी, आडवी झाली. उचलायला तिघं लागले. तेव्हापासून शेजारच्या काकांनी दिलेला कडप्प्याचा तुकडा कॅरिअरच्या पिशवीत असतो. गाडी लावायची तर आधी तो स्टँडखाली सरकवायचा. पुढच्या जुलैत खिंडीत मागचं चाक बसलं. तारांचं चाक, आत ट्यूब, वरून धो धो पाऊस. शंभरची असती तर ढकलत उतरलो असतो. ही जागची हलेना. शेवटी छोटा हत्ती बोलावला, फळीवरून चढवली. पालघरच्या मिस्त्रीने ट्यूब काढता काढता विचारलं, "भाऊ, रोज बोईसरला ही आणता?" त्या 'रोज'वर त्याने जरा जोर दिला होता.

त्या रात्री वही उघडली. महिन्याला पंचवीस दिवस, रोज पन्नास किलोमीटर, पेट्रोल शंभर रुपये लिटर धरलं, तर शंभरचा खर्च साधारण एकोणीसशे, दीडशेचा अठ्ठावीसशे, साडेतीनशेचा अडतीसशे. दीडशे सोडल्याबद्दल महिन्याला हजार, वर्षाला बारा हजार. त्याहून खटकला दुसरा आकडा. तोवर साडेतीनशे बावीस हजार किलोमीटर चालली होती. त्यातलं फिरणं सहा हजार. बाकी सगळं पालघर, बोईसर, भाजी, रेशन. वर्षातल्या पंधरा दिवसांसाठी घेतलेली गाडी उरलेले साडेतीनशे दिवस चिखलात उभी करत होतो.

दीडशे विकली नव्हती हे नशीब. तिला नवा चेन सेट आणि टायर टाकले, आता कामावर तीच. शंभरची वाडीतल्या एका मुलाकडे गेली, तिच्यावर अजून गोणी वाहतात. साडेतीनशे कडप्प्यावर उभी असते, तिची पाळी सुटीत.

22 सप्टेंबर 2025 पासून 350 सीसीपर्यंतच्या दुचाकींचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला, त्यावरच्यांचा 40 झाला. तेव्हापासून गावातली पोरं साडेतीनशेच्या चौकश्या करायला येतात. नवा मुंबई-वडोदरा द्रुतगती मार्गही मासवणवरून जातोय, आठ पदरी. पोरांना वाटतं, गाडी त्याच्यासाठी हवी. त्यांना सांगावं लागतं, बाबांनो, त्या रस्त्यावर दुचाकीला मनाई आहे. आपल्या वाट्याला खिंडच.

म्हणून माझा सल्ला सीसीचा नाही, वहीचा आहे. गाडी घ्यायच्या आधी एक महिना कुठे गेलात, किती किलोमीटर, मागे कोण आणि काय होतं, ते लिहा. घरात एकच गाडी परवडणार असेल तर सव्वाशे-दीडशेच्या पुढे जाऊ नका. साडेतीनशे दुसरी गाडी म्हणून घ्या, आणि घेतलीत तर अंगणात आधी फरशी टाका.