गोल्फच्या मैदानाची निगा : एक निराळी शेती

शेतीचा हेतु पीक काढणें हा होय, असें आपण धरून चालतों. परंतु ज्या शेतांतून दाणा, कडबा वा फळ कांहींच घरीं यावयाचें नाहीं, उलट ज्यावर रोज माणसें तुडवीत चालावयाचीं, तें शेत बारमाही हिरवें व सपाट राखणें हाही एक धंदा आहे. गोल्फ खेळाच्या मैदानाची निगा राखणाऱ्या या धंदेवाईकास ग्रीनकीपर म्हणतात. जमीन, पाणी व गवत यांविषयीं या लोकांनीं जें अनुभवानें मिळविलें, तें आमच्या वाचकांसही विचार करण्याजोगें वाटल्यावरून त्याची थोडक्यांत माहिती येथें देत आहों.

काठीनें चेंडू मारीत तो एकामागून एक अठरा खळग्यांत घालावयाचा, असा हा खेळ आहे. प्रत्येक खळग्याभोंवतीं अत्यंत बारीक गवताची हिरवळ असते. तिला ग्रीन म्हणतात. तेथें चेंडू अडथळ्यावांचून घरंगळला पाहिजे, म्हणून गवत सुमारें ३ मिलिमीटर उंचीवर, म्हणजे जोंधळ्याच्या दाण्याहूनही खुजें, कापून ठेवितात. सारी अडचण येथेंच आहे. पान हें वनस्पतीचें स्वयंपाकघर होय. तेंच रोज कापलें म्हणजे मुळांस अन्न कमी पडतें, तीं वरच्यावर राहतात, आणि ऊन, तहान वा बुरशी यांपुढें गवत टिकाव धरीत नाहीं.

या खेळाचीं जुनीं मैदानें स्कॉटलंडच्या समुद्रकांठीं आहेत. सेंट अँड्र्यूज येथील जमीन वाळूची व नापीक. तेथें मेंढ्या व ससे चरून गवत आंखूड ठेवीत. पेरणी, खत वा पाणी यांपैकीं कांहीं न लाभतां तें चिवट झालें होतें. १८६४ सालीं टॉम मॉरिस (१८२१–१९०८) यांची त्या मैदानावर नेमणूक झाली व १९०३ पर्यंत त्यांनीं तें सांभाळलें. त्यांचा मुख्य उपाय म्हणजे हिरवळीवर वाळूचा पातळ थर पसरणें. पूर्वीं प्रेस्टविक येथें असतां त्यांच्या हातून वाळूची गाडी हिरवळीवर सांडली आणि पुढें त्याच जागीं गवत अधिक जोमानें आलें, त्यावरून त्यांस हें सुचलें, असें सांगतात. वाळूनें खांचखळगे भरतात, पाणी लवकर निथळतें व गवताच्या बुडख्याशीं सांचलेला मेलेल्या मुळांचा थर मोकळा होतो. दुसरी गोष्ट, रविवारीं मैदान बंद. खेळणारांस विसावा नको असला तरी जमिनीस तो हवा, असें त्यांचें म्हणणें असे. कांहीं मोठ्या सामन्यांचे दिवस सोडतां तें जुनें मैदान आजही रविवारीं खेळास बंद असतें.

पुढें या अनुभवास शास्त्राची जोड मिळाली. १९२० सालीं अमेरिकेच्या गोल्फ संघानें तेथील सरकारी शेतकी खात्याच्या साह्यानें गवतावर प्रयोग सुरू केले. १९२९ सालीं इंग्लंडांत बिंग्ली येथें संशोधनकेंद्र निघालें. १९६० सालीं अमेरिकन संघानें हिरवळीच्या बांधणीची एक रीत प्रसिद्ध केली. तींत तळाशीं निचऱ्याच्या नळ्या, त्यांवर सुमारें ४ इंच खडी व वर सुमारें १२ इंच बहुतेक वाळूचेंच मिश्रण घालतात. वाळू व खडी यांच्या सीमेवर मुळांपुरती ओल थांबते आणि पाणी अधिक झालें कीं तें खालीं निघून जातें. शिवाय माणसांच्या पायांनीं जमीन दडपते, म्हणून पोकळ दांत्यांच्या यंत्रानें तिला भोंकें पाडून आंत वाळू भरतात व मुळांस हवा पोंचवितात.

उष्ण देशांत या कामीं जें गवत वापरतात तें ऐकून आमच्या वाचकांस मौज वाटेल. तें दुसरें तिसरें नसून आपली हरळी होय! जी आपण काळ्या रानांतून खणून काढतां काढतां थकतों, तिच्याच संकरानें अमेरिकेंत टिफ्टन येथें तयार केलेली ‘टिफग्रीन’ ही जात १९५६ सालीं बाहेर पडली. तुडविली तरी मरत नाहीं, हा जो तिचा शेतांतील दुर्गुण, तोच मैदानावर गुण ठरला.

परंतु या धंद्यावर एक संकट आहे. १९३५ सालीं एडवर्ड स्टिम्पसन या अमेरिकन गृहस्थांनीं चेंडू किती घरंगळतो हें मोजण्याची पन्हळीसारखी पट्टी काढली. १९७८ पासून तिचा प्रसार झाला तो सर्व हिरवळी सारख्या राखतां याव्यात म्हणून. पण खेळणारे एका मैदानाची दुसऱ्याशीं तुलना करूं लागले. वेग वाढविण्यासाठीं गवत अधिक खालीं कापावें, तें दुबळें झालें म्हणजे पाणी व खत वाढवावें, आणि त्या ओलीनें बुरशी आली कीं औषध मारावें, असें हें चक्र आहे. एके काळीं त्यासाठीं पाऱ्याचीं औषधेंही मारीत. तीं विषारी म्हणून पुढें सोडून द्यावीं लागलीं. म्हणून जाणता ग्रीनकीपर वेगाच्या आंकड्यामागें धांवत नाहीं. तो सुरी घेऊन मातीचा लहानसा चौकोन उचलतो, मुळें किती खोल गेलीं तें पाहतो, माती हुंगतो, आणि मगच पाणी सोडावयाचें कीं नाहीं हें ठरवितो.

पाटाखालच्या भारी जमिनी अति पाण्यानें चिबड झालेल्या ज्यांनीं पाहिल्या आहेत, त्यांस याचें मर्म निराळें सांगणें नको. पुढील पाळी देण्यापूर्वीं आपणही वीतभर खोल खणून ओल पाहण्याची संवय लावून घ्यावी, अशी आमची सूचना आहे.