पेरणीयंत्राची परीक्षा
तिफणीच्या पेरणीचे यश चाड्यावर मूठ धरणाऱ्या अनुभवी हातावर अवलंबून असते. खत-बियाणे पेरणीयंत्रात हे काम जमिनीवरून फिरणारे चाक करते. चाकाबरोबर खाचांचे रूळ फिरतात आणि बियाणे व खत वेगवेगळ्या नळ्यांतून मातीत पडते. खत बियाण्याला चिकटल्यास कोंब जळतो. म्हणून ते थोडे बाजूला व खाली पाडले जाते.

चाकाचा परीघ १.५ मीटर व पेरणीची रुंदी २ मीटर असल्यास १०० फेऱ्यांत ३०० चौरस मीटर क्षेत्र पेरले जाते. हेक्टरी १०० किलो गहू पेरायचा असेल, तर चाक अधांतरी ठेवून १०० वेळा फिरवल्यावर ३ किलो गहू पडला पाहिजे. ही परीक्षा पेरणीपूर्वीच घ्यावी. मातीआडची चूक उगवणीनंतर कळते. तोवर वाफसा निघून गेलेला असतो.