चिखलातील पाऊल आणि धातूतील कण

धानोरा परिसरात रोवणीच्या दिवसांत बांधीतील चिखलातून चालताना पाऊल जड होते, हे आपण सारेच अनुभवतो. वजन वाढलेले नसते; चिखल पावलाला धरून ठेवतो. पदार्थातील इलेक्ट्रॉनचेही तसेच आहे. भोवतालचे अणू व इतर इलेक्ट्रॉन त्याची चाल बदलतात. परिसराचा हा प्रभाव घेऊन वावरणाऱ्या इलेक्ट्रॉनला भौतिकशास्त्रात ‘क्वाझिपार्टिकल’, म्हणजे कणसदृश घटक, म्हणतात. इलेक्ट्रॉन हा फर्मिऑन कुळातील कण. सिरियमच्या काही संयुगांत तो शेकडो पट जड असल्यासारखा वागतो. म्हणून त्या संयुगांना ‘जड फर्मिऑन’ पदार्थ हे नाव मिळाले.

बिस्मथ धातूत याच्या उलट घडते. तेथे काही दिशांना इलेक्ट्रॉन शंभरपटींहून हलका भासतो. डिरॅक यांनी १९२८ साली वेगवान कणांसाठी मांडलेल्या समीकरणासारखा नियम तो पाळतो. शिवाय तेथे सुमारे एक लाख अणूंमागे एकच इलेक्ट्रॉन वहनास मोकळा असतो. अतिवाहकतेत, म्हणजे विनारोध वीजवहनात, इलेक्ट्रॉनांच्या जोड्या जमाव्या लागतात. इतक्या विरळ वस्तीत त्या जमणे अशक्यप्राय मानले जाई. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील संशोधकांनी २०१६ साली बिस्मथची अतिवाहकता सिद्ध केली. ती आढळली ०.५३ मिलीकेल्विनखाली, म्हणजे उणे २७३.१५ अंश सेल्सिअस या निरपेक्ष शून्याच्या अगदी लगत.

अतिवाहकतेच्या १९५७ सालच्या प्रस्थापित सिद्धान्तात हा शोध बसला नाही. म्हणूनच विज्ञानाकडे वळणाऱ्या विद्यार्थ्यांना आम्ही सांगतो, की आपल्याच राज्यातील प्रयोगशाळेत उभा राहिलेला हा प्रश्न तुमच्याही वाट्याचा आहे.