तीस दिवसांची नोटीस, तीन जिल्ह्यांचा नाका

मिरा-भाईंदर शहरातल्या वरसाव्याच्या जोडप्याला लग्नाचा सरकारी दाखला कधी मिळेल, हे दोन आकड्यांवर ठरते: ९० आणि ३०. धार्मिक विधीने लग्न केलेल्यांना लग्नानंतर ९० दिवसांत नोंदणी करायची असते. फक्त सरकारी अधिकाऱ्यासमोर लग्न करू पाहणाऱ्यांना लग्नाआधी ३० दिवस थांबावे लागते. पहिली सवलत आहे, दुसरी अट. शेवटी हातात पडणारा कागद दोन्हीकडे पासपोर्टपासून वारसापर्यंत कामी येतो.

९० दिवसांची मुदत महाराष्ट्र विवाह मंडळांचे विनियमन आणि विवाह नोंदणी अधिनियम, १९९८ या कायद्यातली आहे. त्याआधी १९५३ चा मुंबई विवाह नोंदणी अधिनियम होता. म्हणजे नोंदणीचा कायदा या राज्यात सत्तर वर्षांहून जुना. मिरा-भाईंदर २८ फेब्रुवारी २००२ रोजी महानगरपालिका झाली आणि ही नोंदणी महापालिकेकडेच होते, त्यामुळे वरसावेकरांना त्यासाठी शहराबाहेर जावे लागत नाही. नमुना 'ड' भरायचा, त्यावर १०० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा, लग्न लावणाऱ्या भटजींची किंवा काझींची सही घ्यायची, दोघांचे वयाचे व पत्त्याचे पुरावे, लग्नपत्रिका आणि फोटो जोडायचे, तीन साक्षीदार न्यायचे. ९० दिवस उलटले तर जास्त शुल्क भरून नोंद होते. हिंदू विवाह कायद्याच्या कलम ८ मध्ये नोंदणीचे नियम मोडल्याबद्दल कमाल दंड २५ रुपये आहे. तो १९५५ साली ठरला. नोंद नाही म्हणून लग्न अवैध होत नाही, हेही त्याच कलमात लिहिले आहे.

उलट बाजूही तितकीच स्पष्ट आहे. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२४ मध्ये सांगितले की विधीच झाले नसतील, तर केवळ नोंदणीच्या प्रमाणपत्राने हिंदू विवाह सिद्ध होत नाही. महापालिकेच्या खिडकीवर लग्न लागत नाही, लागलेल्या लग्नाची नोंद होते.

तरीही नोंदीला महत्त्व आहे, कारण ती करताना वय तपासले जाते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्के स्त्रियांचे लग्न १८ वर्षांच्या आत झालेले होते. चौथ्या फेरीत (२०१५-१६) हे प्रमाण २६.३ टक्के होते. घट ४.४ टक्केबिंदूंची; तरी पाचांत एकीहून जास्त. वयाचा खरा पुरावा जोडून यातले एकही लग्न त्या वेळी नोंदवता आले नसते. सर्वोच्च न्यायालयाने १४ फेब्रुवारी २००६ च्या सीमा विरुद्ध अश्विनीकुमार निकालात सर्व धर्मांच्या विवाहांची नोंदणी सक्तीची करा असे राज्यांना बजावले, ते बालविवाह, दुसरे लग्न, पोटगी आणि विधवेचा वारसा हे प्रश्न समोर ठेवूनच.

आता ३० चा हिशेब. लोक ज्याला 'कोर्ट मॅरेज' म्हणतात, त्यात कोर्ट कुठेच नसते. ते लग्न विशेष विवाह अधिनियम, १९५४ खाली जिल्ह्याच्या विवाह अधिकाऱ्यासमोर लागते. वरसाव्याचा जिल्हा ठाणे, म्हणून घोडबंदर रस्त्याने ठाणे गाठावे लागते. या कायद्यात ३० दोनदा येतो. कलम ५ म्हणते, नोटीस देण्याआधी दोघांपैकी एक तरी त्या जिल्ह्यात किमान ३० दिवस राहिलेला हवा. कलम ६ आणि ७ प्रमाणे नोटीस कार्यालयात ठळक जागी लावली जाते आणि ३० दिवस हरकतींसाठी सोडले जातात. दोघेही जिल्ह्यात नवीन असतील, तर किमान काळ ६० दिवसांचा होतो. मिरा-भाईंदरची लोकसंख्या २००१ मध्ये ५ लाख २० हजार ३८८ होती, २०११ मध्ये ८ लाख ९ हजार ३७८ झाली. दहा वर्षांत ५५.५ टक्के वाढ. एवढी वाढ मुख्यतः बाहेरून आलेल्या माणसांमुळेच होते. अशा शहरात राहण्याच्या पत्त्याचा पुरावा हीच अनेकांची पहिली अडचण असते.

वरसाव्याची खरी गुंतागुंत मात्र नकाशात आहे. इथून खाडीवरचा पूल ओलांडला की पालघर जिल्हा लागतो आणि दहिसर चेकनाक्यापुढे मुंबई उपनगर. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर वेगळा झाला. त्याआधी वसई आणि वरसावे एकाच जिल्ह्यात होते. मुलगी वरसाव्याची आणि मुलगा वसईचा असेल, तर त्या तारखेपर्यंत नोटीस एका जिल्ह्यात लागायची. आता कलम ६(३) प्रमाणे ठाण्याचा अधिकारी नोटिशीची प्रत पालघरच्या अधिकाऱ्याकडे पाठवतो आणि ती तिथल्या फलकावरही लागते. फलक दोन झाले, म्हणजे नाव-पत्ता वाचणारे डोळेही दुप्पट झाले. घरच्यांपासून लपून लग्न करणाऱ्या सज्ञान जोडप्यासाठी या फरकाचा अर्थ फार गंभीर आहे.

हरकतीला कारणे मोजकीच चालतात: जोडीदार हयात असणे, मानसिक अक्षमता, वय (मुलगा २१, मुलगी १८) आणि निषिद्ध नाते. जात, धर्म किंवा आईवडिलांची नापसंती हे कारण कायद्यात नाही. पण हरकत आली की ती कितीही फोल असो, चौकशीला आणखी ३० दिवसांपर्यंत वेळ आहे, आणि अधिकाऱ्याने ती मान्य केली तर जिल्हा न्यायालयात अपिलाला ३० दिवस. खोडसाळ हरकत घेणाऱ्याकडून जोडप्याला मिळू शकणारी कमाल भरपाई १,००० रुपये आहे. ही रक्कम १९५४ सालची आहे आणि आजही तेवढीच आहे.

इतिहासातला आकडा आणखी बोलका आहे. १८७२ च्या ब्रिटिशकालीन विशेष विवाह कायद्यात नोटिशीची मुदत १४ दिवस होती. वधूवरांना आपण हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती, पारशी वगैरे कोणत्याही धर्माचे नाही असे लिहून द्यावे लागे. ती अट निश्चितच जाचक होती. १९५४ मध्ये ती गेली हे मोठे काम झाले. पण थांबण्याचा काळ १४ वरून ३० वर गेला, म्हणजे दुपटीहून जास्त. टपाल संथ असतानाच्या काळात १४ दिवस पुरत होते, तर आधार आणि ऑनलाइन नोंदींच्या काळात ३० दिवस कशासाठी, याचे पटणारे उत्तर मला सापडत नाही.

तुलनेसाठी, अनेक मराठी कुटुंबे राहतात त्या अमेरिकेतल्या न्यू जर्सीत लग्नाच्या परवान्यासाठी थांबावे लागते ७२ तास. शेजारच्या गोव्यात पोर्तुगीज काळापासून नागरी नोंदणी हाच विवाहाचा कायदेशीर पाया आहे आणि त्यासाठी जोडपे निबंधकासमोर दोनदा जाते. 

विधी आयोगाने २०१२ च्या २४२ व्या अहवालात नोटीस आणि नोंदणी यांमधला कालावधी काढून टाकावा आणि जिल्ह्यात राहण्याची अटही काढावी असे सुचवले होते. अलाहाबाद उच्च न्यायालयाने जानेवारी २०२१ मध्ये नोटीस जाहीर करणे जोडप्याच्या इच्छेवर सोडले. महाराष्ट्रात ३० दिवसांची नोटीस कायम आहे. ज्यांच्यामागे दोन्ही घरे उभी आहेत त्यांना कायदा लग्नानंतर ९० दिवस देतो आणि ज्यांच्यामागे कुणी नाही त्यांना लग्नाआधी ३० दिवस फलकावर उभे करतो. ही वाटणी अन्यायाची आहे. संसदेने विधी आयोगाची सूचना स्वीकारावी.

तोवर हिशेब असा ठेवा. नोटीस दिल्यापासून तीन महिन्यांत लग्न लागले नाही, तर कलम १४ प्रमाणे ती रद्द होते आणि सगळे पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरू होते. १ नोव्हेंबरला नोटीस दिली आणि त्याच दिवशी ती लागली, तर १ डिसेंबर उलटल्यावर लग्न लावता येते, आणि ते जानेवारी संपण्याआधी लागायला हवे. त्या दिवशी तीन साक्षीदार ओळखपत्रांसह सोबत न्या.