पाचव्या इंद्रियाची निगा

चातुर्मासाचे वेध लागले की आपल्या घरांत निराळीच लगबग सुरू होते. धान्याला ऊन दाखवून कोठ्या बंद केल्या जातात, पापड-वड्यांचे डबे पुन्हा एकदा तपासले जातात, मोरीतील ओल दिवसातून चार वेळा पुसली जाते. जेथे ओल तेथे जीवोत्पत्ती, हे आपल्याकडील लहान मुलालाही ठाऊक असते. जीव उत्पन्न झाल्यावर त्यांची विराधना टाळण्याची धडपड करण्यापेक्षा ते उत्पन्नच होऊ नयेत अशी दक्षता घ्यावी, या विचारावर आपले पावसाळ्यातील स्वयंपाकघर चालते. परंतु त्याच घरात एक ओलसर, उबदार आणि अंधारी जागा अशी असते की, जिच्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. ती म्हणजे घरच्या श्वानाचा कान.

नांदेडच्या वा लातूरच्या मोंढ्यात गोदाम राखणारा गावठी कुत्रा असो, की नव्या वसाहतीतील बंगल्यात मुलांबरोबर वाढलेला लॅब्राडोर असो, पावसाळ्यात त्याच्या कानाचे दुखणे हमखास डोके वर काढते. आरंभी तो नुसती मान झटकतो. मग पायाने कान खाजवतो. पुढे कानाला वास येऊ लागतो आणि तेथून त्याच्या दुर्दशेला प्रारंभ होतो. वास येतो म्हणून दिवाणखान्यातून त्याची रवानगी अंगणात होते, अंगणातून गोदामात. एखादे दिवशी घरातील नातवंड लाडाने त्याचा कान धरते, वेदनेने तो दात लावतो, आणि ‘कुत्रा चावरा झाला’ असा निवाडा होऊन त्याच्यासाठी घराचे दार कायमचे बंद होते. कानात काय झाले आहे, हे तोपर्यंत कोणी पाहिलेले नसते.

पंचेंद्रियत्वाची खूण

आपल्या शास्त्रांत जीवांची जी गणना आहे, तीत माशी-भुंगा चतुरिंद्रिय आणि श्वान पंचेंद्रिय. या दोहोंतील अंतर एका इंद्रियाचे आहे, ते म्हणजे श्रोत्रेंद्रिय. आणि श्वानाचे श्रोत्रेंद्रिय तर विलक्षण तीक्ष्ण. माणसाला सेकंदाला सुमारे २० हजार कंपनांपर्यंतचा ध्वनी ऐकू येतो. श्वानाला सुमारे ४५ हजारांपर्यंतचा. जन्मतः पिल्लाचे कान बंद असतात आणि साधारण दोन आठवड्यांनी ते उघडतात. त्यानंतर आपली पावले, आपल्या गाडीचा आवाज, आपली हाक, हे सारे तो कानानेच ओळखू लागतो.

या कानाची घडण मात्र आपल्या कानाहून वेगळी आहे. आपली कर्णनलिका आखूड आणि जवळजवळ सरळ असते. श्वानाची नलिका आधी खाली उतरते आणि मग काटकोनात आत वळते. जुन्या पेठेतील बोळासारखी. वळणापलीकडे पडदा असतो. अशा बोळात शिरलेले पाणी सहज बाहेर येत नाही आणि वाराही खेळत नाही. त्यात कान लोंबते असतील, तर बोळाच्या तोंडावर जणू पडदाच सोडलेला असतो. लॅब्राडोर आणि कॉकर स्पॅनियल यांना हा त्रास अधिक होतो, तो यामुळेच. लातूर जिल्ह्यातील जानवळ हे गाव कारवानी आणि पश्मी श्वानांसाठी ओळखले जाते. त्यांपैकी पश्मीच्या कानांवर रेशमी केसांची झालर असते. ती भिजली की लवकर वाळत नाही आणि पावसानंतर माळावरील गवताची कुसळे तीत अडकून कानात उतरतात. अशा श्वानाचे कान विशेष जपावेत.

आधी पाहणे, मग हात लावणे

वस्त्र-पात्र वापरण्यापूर्वी त्याची पडिलेहणा करावी, हा संस्कार आपल्याला नवा नाही. कानाच्या बाबतीतही खरे काम पाहण्याचेच आहे, स्वच्छता त्यानंतरची. आठवड्यातून एकदा, तो शांत बसलेला असताना, उजेडात कानाची पाळी उलटून पाहावी आणि वास घ्यावा. आतील त्वचा फिकट गुलाबी, मळ अगदी थोडा व पिवळसर-तपकिरी, आणि वास जवळजवळ नाही, असे असेल तर तो कान निरोगी समजावा. निरोगी कानातील मळ आपोआप बाहेर सरकत असतो. अशा कानाला वारंवार साफ करण्याची गरज नसते. अति स्वच्छतेने त्वचा हुळहुळी होते आणि नसलेला रोग उद्भवतो.

२०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने आलेले पाणी प्यालेल्या लातूरकरांना एक गोष्ट ऐकून समाधान वाटेल. या कामाला पाणी लागत नाही; उलट पाणी कानापासून दूर ठेवावयाचे असते. अंघोळ घालताना डोक्यावर तांब्या ओतू नये. डोके ओल्या फडक्याने पुसून घ्यावे. गोदावरीच्या घाटावर तो पोहून आला किंवा पावसात भिजला, तर घरी येताच कानाची पाळी आतून-बाहेरून कोरड्या मऊ कापडाने टिपावी. आपण दोन मिनिटांत पुसून काढलेली ओल उद्याच्या किती जीवांची उत्पत्ती आणि विराधना टाळते, याचा हिशेब व्यापारी मनाला सांगावयास नको.

स्वच्छतेचा क्रम

कान लोंबते असतील वा मळ अधिक साचत असेल, तर पशुवैद्याच्या सल्ल्याने श्वानांसाठीचे कान धुण्याचे द्रावण आणावे आणि किती दिवसांनी वापरावे, तेही त्यांनाच विचारावे. घरातील दोघांनी मिळून हे काम केलेले बरे. एकाने गोंजारत धरावे, दुसऱ्याने स्वच्छ करावे. बाटली थोडा वेळ मुठीत धरून द्रावणाचा गारवा घालवावा. पाळी हलकेच वर उचलून, बाटलीचे तोंड कानाला न लावता, नलिका भरेल इतके द्रावण सोडावे. मग कानाच्या मुळाशी बोटांनी अर्धा मिनिट हळुवार चोळावे. आतून पचपच असा आवाज येतो. त्यानंतर त्याला सोडून द्यावे. तो मनसोक्त मान झटकतो आणि वळणापलीकडील मळ वर येतो. हे काम अंगणात करावे, म्हणजे भिंतींवर शिंतोडे उडत नाहीत. शेवटी बोटाला कापूस गुंडाळून, बोट सहज पोहोचेल तेथपर्यंतच पुसावे. दुसऱ्या कानाला नवा कापूस घ्यावा. काम झाल्यावर त्याला आवडीचा घास द्यावा. पुढील वेळी तो स्वतः जवळ येईल.

कापसाच्या काड्या कटाक्षाने वर्ज्य कराव्यात. त्यांनी मळ बाहेर न येता वळणापाशी ठासला जातो. हायड्रोजन पेरॉक्साइड, स्पिरिट, हळद वा कसलीही पूड कानात घालू नये. शेजारी लसूण घालून तेल कोमट करतात, आपण नुसतेच करतो. परंतु तेल ते तेलच. ते बोळात साचून ओल धरून ठेवते. माणसांचे कानाचे थेंब तर मुळीच घालू नयेत. पडदा फाटलेला असेल, तर त्यांतील काही औषधे आतील कानापर्यंत जाऊन कायमचे बहिरेपण आणू शकतात. आणि पडदा शाबूत आहे की नाही, हे घरी बसून कळत नाही.

संकोच आणि विलंब

मान सतत झटकणे, डोके एका बाजूला कलणे, कान लाल व गरम होणे, दुर्गंधी, पू, कॉफीच्या पुडीसारखा काळसर मळ, पाळी फुगून मऊ गाठ होणे, हात लावताच विव्हळणे, यांपैकी काही दिसले तर घरगुती स्वच्छता थांबवावी आणि पशुवैद्याकडे जावे. आपल्या भागात ती सोय आहे. शासकीय पशुवैद्यकीय दवाखाने आहेत. आणि उदगीर येथे महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचे महाविद्यालय आहे. दुखणे पुन्हा पुन्हा उलटत असेल, तर त्याचे मूळ कानात नसून अन्नाच्या वा त्वचेच्या ॲलर्जीत असू शकते, हेही त्यांच्याशी बोलावे.

येथे अनेक श्रद्धाळू घरे थबकतात. कानातील जंतू, पिसवांसारखे सूक्ष्म कीटक, गोचिड्या, हे सारे जीवच. औषधाने त्यांचा घात होईल, मग काय करावे? या संकोचाची टिंगल करण्याचे कारण नाही. तो शुद्ध भावनेतून येतो, आणि ज्याने त्याने आपल्या गुरुजनांना तो जरूर विचारावा. परंतु विलंबाने काय घडते, तेही पाहावे. आश्रयाला आलेला पंचेंद्रिय जीव रात्रंदिवस तळमळतो. कानातील जीवराशी रोज वाढत जाते. जे काम अल्प औषधाने झाले असते, त्याला पुढे आठवडेच्या आठवडे तीव्र औषधे लागतात. म्हणजे दया राहते बाजूला आणि दोन्हीकडील हिंसा वाढते. त्यापेक्षा शेतातून फिरून येताच दारातच त्याचे कान तपासावेत. अंगावर नुसती फिरणारी, अद्याप न चिकटलेली गोचीड मऊ कापडात धरून घरापासून दूर सोडता येते. चिकटलेली असेल वा खोल कानात असेल, तर पशुवैद्याकडून काढून घ्यावी.

जाता जाता एक गोष्ट सांगणे अगत्याचे वाटते. गोदामासाठी डॉबरमन आणताना काही जण त्याचे कान कापून उभे करवून घेतात आणि त्याने कानाचे रोग होत नाहीत, असेही सांगतात. हा समज निराधार आहे. बंध, वध, छविच्छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध हे पहिल्या अणुव्रताचे पाच अतिचार आपण प्रतिक्रमणात आठवतो; कान कापणे हा त्यांतील उघड छविच्छेद होय. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्यानेही प्राण्याचे अवयवछेदन हा अपराध ठरविला आहे.

मोंढा बंद असतो त्या दिवशी सकाळी पाच मिनिटे काढावीत. मुलांना जवळ बसवावे. एकाने पाळी उलटावी, दुसऱ्याने उजेड धरावा, तिसऱ्याने वास घेऊन सांगावे. आपण ज्याला नाव ठेवले आणि ज्याला दिवसातून दहा वेळा त्या नावाने हाक मारतो, त्याला ती हाक अखेरपर्यंत ऐकू यावी, एवढी तजवीज आपण त्याच्यासाठी निश्चित करू शकतो.