खोक्यातली सुई आणि यंत्राचे मनगट

पुठ्ठ्याचे एक खोके घ्या. त्याच्या झाकणाला लहान भोक पाडा, त्यातून विणकामाची सुई आत घाला आणि तळाशी ठेवलेल्या मण्याला टेकवून पाहा. हात उजवीकडे नेला की टोक डावीकडे जाते. भोक म्हणजे टेकू, सुई म्हणजे पहिल्या प्रकारची तरफ. सुईचा आतला भाग बाहेरच्यापेक्षा लांब असेल तर हाताचा कंपही टोकाशी वाढलेला दिसतो. दुर्बिणीतून पोटाची शस्त्रक्रिया करणाऱ्या सर्जनच्या हातातही अशीच सरळ, ताठ हत्यारे असतात.

पित्ताशय काढताना एवढ्यावर भागते. यकृताचे तसे नाही. सुमारे दीड किलोच्या या अवयवातून मिनिटाला साधारण दीड लिटर रक्त वाहते आणि त्यातले तीन चतुर्थांश आतड्यांकडून येणाऱ्या एका मोठ्या शिरेतून येते. खाटकाकडची कलेजी हाताळलेल्यांना ठाऊक असेल, ती मऊ असते. टाका जोरात ओढला तर फाटते. १९०८ साली ग्लासगोच्या प्रिंगल यांनी यकृताकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या चिमटीत धरून रक्तस्राव थांबवण्याची युक्ती सांगितली. ती आजही वापरात आहे. १९५७ मध्ये फ्रान्सच्या क्वीनो यांनी यकृताचे आठ विभाग दाखवले. प्रत्येकाला रक्त पुरवणारी फांदी वेगळी, म्हणूनच एखादा विभाग काढता येतो.

आता यंत्राकडे वळू. 'यंत्रमानव' या नावाने फसायला नको. ते स्वतः काहीच ठरवत नाही. सर्जन रुग्णापासून काही फुटांवर बसतो. त्याच्या दोन्ही डोळ्यांना वेगवेगळी प्रतिमा मिळते, त्यामुळे खोली कळते. हत्याराच्या टोकाजवळ वळणारे मनगट असते. संगणक उलट दिशा सुलट करतो, कंप गाळतो आणि हात तीन सेंटिमीटर हलला तर टोक एकच सेंटिमीटर हलवू शकतो. यकृतामागच्या अवघड कोपऱ्यात टाका घालताना याचा खरा उपयोग होतो. अशा 'दा विंची' यंत्राला अमेरिकेत २००० साली मान्यता मिळाली.

हरवला तो स्पर्श. उघड्या शस्त्रक्रियेत बोटांना गाठीचा कठीणपणा जाणवतो. यंत्रावर मात्र दोरा किती ताणला हे बरीच वर्षे डोळ्यांनीच ओळखावे लागले. बळाची जाणीव देणारी आवृत्ती २०२४ मध्ये आली. अचानक मोठा रक्तस्राव झाला आणि पोट उघडावे लागले, तर आधी यंत्राचे बाहू सोडवून बाजूला करावे लागतात. म्हणून रुग्णाशेजारी दुसरा कसलेला सर्जन हवाच.

हा प्रश्न सर्वांत नाजूक होतो तो यकृतदात्याच्या बाबतीत. भारतात बहुतेक यकृतरोपणे जिवंत नातेवाइकाने दिलेल्या भागावर होतात. दाता निरोगी असतो. त्याला या शस्त्रक्रियेची स्वतःसाठी काहीच गरज नसते. शिकागोतील ज्युलिआनोत्ती यांच्या गटाने दात्याच्या यकृताचा उजवा भाग यंत्राने काढल्याचे २०१२ मध्ये प्रसिद्ध केले. रियाधमध्ये २०१८ पासून असे काम मोठ्या प्रमाणावर होऊ लागले. बरगड्यांखालच्या लांब छेदाऐवजी काही छिद्रे आणि यकृताचा भाग बाहेर काढण्यासाठी ओटीपोटावर आडवा छेद. दुखणे कमी, दाता लवकर हिंडूफिरू लागतो. (काढलेला भाग पुन्हा फुटत नाही बरे का, उरलेलाच वाढून ती जागा भरून काढतो.)

परंतु यकृतावरचा काप तेवढाच राहतो. बाहेरचा व्रण लहान, म्हणून आतला धोका लहान, असे समजणे आम्हाला चुकीचे वाटते. शिवाय यंत्राची किंमत कोटींत, आणि हत्यारे ठरावीक वापरांनंतर टाकून द्यावी लागतात. तो खर्च शेवटी रुग्णाच्या बिलात येतो. आपल्या ओळखीत कोणी यकृत द्यायला निघाले असेल, तर त्याने यंत्राच्या नावापेक्षा हे आधी विचारावे: या सर्जनने अशा किती शस्त्रक्रिया केल्या आहेत, आणि मध्येच पोट उघडण्याची वेळ किती जणांवर आली?